बळाने घेतलेला शब्द

दिलेला शब्द पाळावा, घेतलेले ऋण फेडावे आणि खाल्ल्या मिठाला जागावे, या तीन कर्तव्यांविषयी शंका काढणाऱ्याकडे आपला समाज प्रथम संशयाने आणि नंतर तिरस्काराने पाहतो. कारण पुराणांनी, कीर्तनकारांनी आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी ही कर्तव्ये आपल्या मनावर इतक्या लहानपणी बिंबविलेली असतात की, ती कोणी, कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत शिकविली याचा विचार करण्याचे वय येईपर्यंत ती आपल्या स्वभावाचाच भाग होऊन बसतात. हरिश्चंद्राचे आख्यान ऐकताना कोणाचे डोळे कोरडे राहिले आहेत? स्वप्नात दिलेल्या दानावरची दक्षिणा चुकती करण्यासाठी राज्य गेले, काशीच्या बाजारात तारामती आणि रोहिदास विकले गेले आणि अयोध्येचा राजा डोंबाच्या घरी राबून स्मशानाची राखण करू लागला; श्रोत्यांनी पदराला डोळे पुसले आणि सत्याचा जयजयकार झाला. परंतु विश्वामित्राचा दावा मुळात रास्त होता काय, आणि रास्त नसला तर हरिश्चंद्राने फेडलेले ते ऋण होते की नुसता जाच होता, हा प्रश्न कीर्तनाच्या मंडपात सहसा कोणी विचारीत नाही, कारण तो विचारला तर आख्यानाचा रस जातो.

हा प्रश्न मंडपाबाहेर, उघड्या माळावर आणि हजारोंच्या जमावात, एकदा विचारला गेला. साल १९४५ आणि ठिकाण ठाणे जिल्ह्याचे उत्तर टोक, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीचा मुलूख. त्या वर्षाचा उल्लेख किसान चळवळीच्या इतिहासात होतो, मजुरीच्या दरांच्या चर्चेत होतो आणि राजकीय पक्षांच्या स्मृतिदिनीही होतो. परंतु धर्मविचाराच्या दृष्टीने त्याकडे पाहण्याचा प्रयत्न फारसा झालेला नाही, आणि माझ्या मते त्या वर्षाचे खरे मोल तेथेच आहे.

झाई हे या मुलुखाचे समुद्राकडचे शेवटचे गाव. दक्षिणेस बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्या, उत्तरेस शीव ओलांडली की गुजरात, समोर ओहोटीला दूरवर मागे सरणारा समुद्र, आणि किनाऱ्यालगत मच्छीमारांची वस्ती व तिच्या अंगणात बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. पूर्वेकडे तोंड करून निघालो तर प्रथम रेल्वेचा रूळ लागतो आणि तो ओलांडल्यावर जमीन उंचसखल होत डोंगराला भिडते. तेथून वारली, कोकणा, दुबळा, काथोडी अशा आदिवासींचे पाडे सुरू होतात. १९४५ साली तलासरी हा स्वतंत्र तालुका नव्हता. तो भाग उंबरगाव तालुक्यात मोडत असे, आणि १९६० मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी होताना त्या तालुक्याचे विभाजन झाले तेव्हा उंबरगाव गुजरातेकडे गेले व तलासरीकडची गावे महाराष्ट्रात राहिली.

याच किनाऱ्याशी वचनाची एक फार जुनी कथा निगडित आहे. झाईच्या उत्तरेस, फार दूर नाही, संजाण आहे. इराणातून निघालेले जरथुष्ट्राचे अनुयायी तेथे उतरले आणि जादी राण्याने त्यांना आश्रय देताना काही अटी घातल्या, असे ‘किस्से संजान’ या सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या फारसी काव्यात सांगितले आहे. येथील भाषा बोलावी, स्त्रियांनी येथील वेष करावा, शस्त्रे खाली ठेवावीत, विवाह सायंकाळी करावेत, अशा त्या अटी. निर्वासिताला अट नाकारण्याची सोय कितपत असते हे सांगावयास नको. तरीही ती कथा आपल्याला बोचत नाही, याचे कारण असे की त्या वचनाला दोन बाजू होत्या: अटी पाळणाऱ्यांना अभय मिळाले, त्यांचा अग्नी प्रज्वलित राहिला, आणि पुढे संजाण पडल्यावर तो बोर्डीजवळच्या बहारोटच्या डोंगरात लपवून ठेवावा लागला तरी विझला नाही. शब्द घेणाऱ्यानेही शब्द पाळला होता.

आता त्याच किनाऱ्यापासून काही कोसांवरच्या जंगलपट्टीतले वचन पाहू. वारल्याची जमीन कर्जापायी आणि कोर्टकचेरीच्या मार्गाने जमीनदाराच्या नावावर चढली होती आणि ज्या भूमीवर त्याचे पूर्वज नांदले तिच्यावर तो आता कूळ होता. पावसाळ्यात घरातला दाणा संपला की जमीनदाराकडून खावटी उचलावयाची आणि सुगीला ती दिढीने परत करावयाची. हातात चार पैसे हवे असतील तर गवतकापणीच्या मजुरीवर आगाऊ पालेमोड घ्यावयाची आणि पुढे मजुरीच्या वेळी जमीनदार सांगेल तो हिशोब ऐकून घ्यावयाचा. हिशोबाची वही जमीनदाराच्या पेटीत, अक्षरओळखही त्याचीच, आणि वारल्याचा असेल तो फक्त अंगठा. याशिवाय वेठ वेगळी. जमीनदाराच्या शेतावर, घरी, गाडीला, पाहुण्याच्या दिमतीला आणि सरकारी अंमलदार फिरतीवर आले तर त्यांच्याही सरबराईला बोलावणे आले की आपल्या शेतातले आऊत सोडून जावयाचे, आणि त्या कामाला मोबदला नाही, कारण ती मजुरी नसून रीत आहे असे सर्वांनीच धरून चाललेले. जमीनदारांत हिंदू होते, पारशी होते, इराणी होते, मुसलमान होते. या एका बाबतीत त्यांच्यात धर्मभेद नव्हता. मुंबई सरकारने नेमलेल्या सायमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासी मुलुखांची पाहणी करून १९३८च्या सुमारास जो अहवाल लिहिला, त्यात ही स्थिती सरकारदरबारी रीतसर नोंदली गेली होती. तेव्हा ती कोणाला माहीत नव्हती असे म्हणता येणार नाही. ती दप्तरात होती.

या सर्वांहून भयंकर प्रकार होता तो लग्नगड्याचा, म्हणजे लग्नाच्या कर्जापोटी बांधल्या गेलेल्या गड्याचा. वारल्यांमध्ये स्त्रीपुरुषांनी एकत्र संसार थाटावा, मुलेबाळे व्हावीत आणि पैशाची जुळणी झाल्यावर कधीतरी लग्नविधी व्हावा, यात लाजिरवाणे काही नाही. परंतु विधी कधीतरी व्हावयासच हवा. तो विधी किती सुंदर असतो हे ज्याने पाहिले आहे त्यालाच त्याच्या सक्तीचे मर्म समजेल. कुडाच्या भिंतीला शेणाने सारवून गेरूचा हात फिरवितात, तांदूळ भिजवून वाटलेले पांढरे पाणी वाटीत घेतात, आणि सुवासिनी बांबूच्या काडीचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने भिंतीवर चौक लिहावयास बसतात. चौकोनाच्या कडेकडेने नक्षीच्या ओळी चढत जातात, मध्यभागी पालघट देवी उभी राहते, बाजूला घोड्यावरचा पाचशिऱ्या देव येतो, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, आपल्या गाण्यातून देवांना बोलावते. भटजी नाही, पोथी नाही. पिठाच्या रेषांनी आणि एका स्त्रीच्या आवाजाने लग्न सिद्ध होते. अशा विधीला खर्च तो किती लागणार? परंतु भावकीला जेवण, धान्य, कपडे, ताडी-दारू यांची जुळणी करावयाची तर ज्याच्या घरी उद्याचा दाणा नाही त्याला जमीनदाराचाच उंबरठा चढावा लागे, आणि जमीनदार पैसे देई ते याच अटीवर की नवरा आणि त्याच्याबरोबर त्याची बायको कर्ज फिटेपर्यंत त्याच्या घरी राबतील. कर्ज फिटत नसे, कारण ते फेडण्याजोगी मजुरीच मिळत नसे. मग मुलगा मोठा होई आणि बापाच्या जागी उभा राही.

धर्माच्या अभ्यासकाने येथे थांबावे. ज्या संस्काराने दोन माणसे देवापुढे एकमेकांची व्हावयाची, त्याच संस्काराने ती तिसऱ्याची गुलाम होत होती; आणि या गुलामीला बेडीची वा कोठडीची गरज लागत नव्हती, कारण ‘घेतलेले फेडले पाहिजे’ ही वारल्याच्या स्वतःच्या अंतःकरणातील सद्भावनाच तिचे कुलूप झाली होती. जमीनदार मारहाण करी, सोट्याने आणि चाबकानेही करी, याविषयी पुरावा भरपूर आहे. परंतु केवळ भयाने एवढी माणसे पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहत नाहीत, विशेषतः ज्यांच्या पाठीशी जंगल आहे अशी. त्यांना धरून ठेवणाऱ्या शक्तींत त्यांची नीतिमत्ताही एक होती.

आता कोणी म्हणेल की, हा तर धर्माचाच दोष. ऋणाची कल्पनाच त्याने पवित्र करून ठेवली, देवऋण, ऋषिऋण, पितृऋण यांच्या पंक्तीला सावकाराचे ऋणही बसले. हा आरोप अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्याकडे पाहावयाचे तर मनुस्मृतीच उघडावी लागते, आणि ज्या ग्रंथाला आपण इतर अनेक कारणांसाठी दोषी धरतो तोच येथे जमीनदाराच्या विरुद्ध साक्षीला उभा राहतो. बळाने दिलेले, बळाने उपभोगलेले आणि बळाने लिहवून घेतलेले, असे बळाने केलेले सर्व व्यवहार मनूने न केल्यासारखेच ठरविले आहेत. याज्ञवल्क्याने बळाने वा कपटाने झालेले व्यवहार राजाने रद्द करावे असे सांगितले आहे. व्याज एकरकमी घेताना मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊ नये हा दामदुपटीचा नियम तर इंग्रजी अंमलातही मुंबई इलाख्याची न्यायालये हिंदू ऋणकोच्या बाबतीत मानीत होती. याहून मार्मिक असा आणखी एक नियम आहे. बापाचे ऋण मुलाने फेडावे हे पुत्राचे कर्तव्य खरे, परंतु जुगाराचे आणि दारूचे ऋण त्याच्या माथी नाही, असे मनू म्हणतो. ज्या मुलुखात लग्नाच्या कर्जातला एक हिस्सा पिंपातून वाहून जात होता आणि ते कर्ज मुलाच्या गळ्यात बांधले जात होते, तेथे हा श्लोक कोणी मोठ्याने वाचला असता तर? कोणी वाचला नाही. शास्त्र होते, ते वाचणारेही होते. वारल्याच्या पाड्यावर जाऊन ते सांगण्याची निकड मात्र कोणाला वाटली नाही, आणि जो धर्म योग्य माणसाच्या कानावर कधी गेलाच नाही त्याने आपल्या पानांवर काय लिहून ठेवले होते याचा अभिमान बाळगण्यात विशेष अर्थ नाही.

७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची पहिली परिषद भरली आणि उंबरगावकडचे मोजके आदिवासी तेथे पोहोचले. त्या परिषदेमागे ज्यांचे कष्ट होते त्यांत गोदावरी परुळेकर होत्या: पुण्याच्या गोखले घराण्यात १९०७ साली जन्मलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या, भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री-सभासद, आणि आता श्यामराव परुळेकरांसमवेत कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्या. टिटवाळ्याहून परतलेल्या लोकांच्या मागोमाग त्या पाड्यापाड्यांतून हिंडल्या, झोपड्यांतून राहिल्या, तेथले अन्न जेवल्या, आणि २३ मे १९४५ रोजी झाईच्या पूर्वेस असलेल्या झरी या गावी (नावांच्या साधर्म्याने वाचकाने घोटाळ्यात पडू नये, झरी हे डोंगराकडचे, झाई हे समुद्राकडचे) सुमारे पाच हजार आदिवासी जमले. तेथे ठरले ते असे की, जमीनदाराच्या खासगी शेतावर रोख बारा आणे रोज मिळाल्याखेरीज काम करावयाचे नाही, फुकट वेठ करावयाची नाही, मारावयास आला तर प्रतिकार करावयाचा आणि सर्वांनी एकजुटीने राहावयाचे. यातली मागणी बारा आण्यांची होती. क्रांती होती ती ‘नाही’ या शब्दात. पुढच्या काही आठवड्यांत लोक जमावाने जमीनदारांच्या वाड्यांवर गेले आणि तेथे अडकलेल्या लग्नगड्यांना घेऊन आले.

यात धर्म कोठे बुडाला? पालघट देवी जागच्या जागी होती, धवलेरीचे गाणे चालू होते, हिरवा आणि वाघदेव यांचे मान चालू होते. गोदावरीबाई स्वतः नास्तिक मताच्या, परंतु लोकांच्या देवाला त्यांनी हात लावला नाही आणि लोकांनीही नवा देव मागितला नाही. बदलले ते एवढेच की, सावकाराच्या वहीतला आकडा आणि देवापुढचे ऋण ही एकच वस्तू आहे ही समजूत गेली. शब्द पाळण्याचे कर्तव्य कायम राहिले. परंतु ‘नाही’ म्हणण्याची ज्याला मोकळीक नव्हती त्याच्या ‘होय’ला शब्द म्हणता येत नाही, हे त्या माळावर कोणतेही शास्त्र न वाचता मान्य झाले. महाभारतात कौशिक ब्राह्मण दरोडेखोरांना खरी वाट दाखवितो आणि सत्यवादी असूनही नरकात जातो, ती गोष्ट कृष्णाने अर्जुनाला कर्णपर्वात सांगितली आहे. सत्य आणि सत्याचा उच्चार यांत अंतर असते हे कृष्णाला ठाऊक होते. वचन आणि वचनाचा उच्चार यांतही तेवढेच अंतर आहे. आणि मिठाचे म्हणाल तर मीठ कोणी कोणाचे खाल्ले, हा हिशोबही एकदा मांडावयास हवा होता: जमीनदाराच्या ताटातला भात कोणी पिकविला होता?

याच मे महिन्यात, येथून हजारो मैलांवर, वचन आणि शिष्टाचार यांचा दुसरा एक प्रसंग घडत होता, आणि त्याच्याशेजारी ठेवून पाहिल्याने झरीचा प्रसंग अधिक स्पष्ट दिसतो. आयर्लंड महायुद्धात तटस्थ होता. हिटलरच्या मृत्यूची वार्ता आली तेव्हा पंतप्रधान डी व्हॅलेरा याने २ मे १९४५ रोजी, आपल्या परराष्ट्र खात्यातील वरिष्ठांचा सल्ला डावलून, जर्मन वकील हेम्पेल याची भेट घेतली आणि रीतीप्रमाणे दुखवटा व्यक्त केला. जगभर संतापाची लाट उठली; चर्चिलने १३ मे रोजी विजयाच्या भाषणात आयरिश तटस्थतेवर कोरडे ओढले आणि १६ मे रोजी डी व्हॅलेराने त्याला संयमाने उत्तर दिले, ते त्याच्या देशात फार वाखाणले गेले. दुखवट्याविषयी त्याचे म्हणणे असे होते की, तटस्थ राष्ट्राने एका देशाच्या प्रमुखासाठी जी रीत पाळली ती दुसऱ्यासाठी न पाळणे हा त्या राष्ट्राचा आणि सज्जनपणे वागलेल्या वकिलाचा अपमान झाला असता. ज्याच्या राजवटीची कृत्ये तोवर उघडकीस आलेली होती त्याच्यासाठीही शिष्टाचाराचे ऋण फेडण्याचा हा हट्ट मला चुकीचा वाटतो; परंतु माझ्या वाटण्याहून महत्त्वाचे हे की, डी व्हॅलेराला दोष देता येतो. तो स्वतंत्र होता. घरी बसून राहण्याची त्याला पूर्ण मोकळीक होती, आणि म्हणूनच त्याचे जाणे हे त्याचे कृत्य ठरते. लग्नगड्याने जमीनदाराच्या शेतावर नांगर धरला याबद्दल त्याची स्तुतीही करता येत नाही आणि त्याने तो टाकला याबद्दल निंदाही करता येत नाही. स्तुतिनिंदेला पात्र असे त्याचे पहिले कृत्य झरीला घडले.

आयर्लंडने या प्रश्नाची दुसरी बाजूही फार पूर्वी पाहिली होती. न. चिं. केळकरांच्या ‘आयर्लंडच्या इतिहासा’मुळे महाराष्ट्राच्या एका पिढीला तेथील कुळांची दैना परिचित होती. १८८६ पासून कुळांनी एकजूट करून वाजवीपेक्षा जादा खंड जमीनदारास देण्याचे नाकारले आणि वाजवी वाटेल तेवढा खंड सामाईक निधीत ठेवावयास सुरुवात केली, तेव्हा तेराव्या लिओ पोपच्या अंमलात रोमच्या धर्मपीठाने २० एप्रिल १८८८ रोजी निर्णय दिला की हे कृत्य अधर्म्य आहे. कारणांपैकी पहिले कारण असे की, दोन्ही पक्षांनी स्वेच्छेने केलेला करार एका पक्षाला आपल्या मर्जीने मोडता येत नाही. तत्त्व निर्दोष आहे! ‘स्वेच्छेने’ या एका शब्दाखाली किती माणसे गाडली गेली होती ते मात्र रोमला दिसले नाही. मेयो परगण्यातल्या ज्या कुळाला कबुलायत नाकारली तर उघड्यावर पडणे आणि स्वीकारली तर उपाशी मरणे एवढाच पर्याय होता, त्याच्या इच्छेची मोजणी कोणत्या मापाने करणार? आयर्लंडच्या राष्ट्रीय पक्षाच्या सभासदांनी, त्यांतले बहुतेक श्रद्धाळू कॅथलिक असूनही, तो निर्णय राजकीय व्यवहारात मानण्याचे नाकारले. तेथे धर्मपीठ बोलले आणि चुकले. डहाणूत धर्मपीठ मुळात बोललेच नाही. दोहोंत अधिक दोषी कोण, हे मला ठरविता आलेले नाही, पण बोलणाऱ्याला निदान उत्तर देता येते एवढे खरे.

माझ्या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःच मांडतो कारण तो खरोखर कठीण आहे. झरीच्या माळावरच्या ‘नाही’ला तरी स्वतंत्र इच्छा का म्हणावे? जमीनदाराची आज्ञा गेली आणि किसान सभेच्या लाल बावट्याची आली. लोक बावट्याबद्दल एखाद्या जित्या माणसाबद्दल बोलावे तसे बोलू लागले होते, बावटा आला, बावट्याने सांगितले, अशा भाषेत. हा आक्षेप तलवाड्याला रक्ताने लिहिला गेला. ऑक्टोबर १९४५ मध्ये गोदावरीबाईंची तलवाड्याला सभा आहे, तेथे त्यांच्या जिवाला धोका आहे, हाताला लागेल ते घेऊन या, अशी वार्ता पाड्यापाड्यांत पसरली. वार्ता खोटी होती. गोदावरीबाईंच्या सांगण्याप्रमाणे ती जमीनदारांच्या बाजूने पसरविली गेली, आणि तिकडे पोलिसांना मात्र शस्त्रे घेऊन दंग्यासाठी जमाव येत असल्याची खबर देण्यात आली. १० ऑक्टोबरला हजारो लोक जमले. पोलिसांनी गोळीबार केला, थांबून पुन्हा केला, आणि लोक बावट्याभोवती बसून राहिले, कारण बाई आल्याखेरीज उठावयाचे नाही अशी त्यांची समजूत होती. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबर आणखी चौघे, असे पाच जण मृत्यू पावले.

त्या बसून राहण्यात जुनी आज्ञाधारकता नव्हती असे मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या हुकूम ऐकण्याची सवय लागलेला माणूस मुक्त झाला तरी पहिल्याने हुकमाच्याच भाषेत मुक्त होतो, आणि ज्याने खोटा निरोप पाठविला त्याला हे नेमके माहीत होते. त्याने लोकांच्या शब्दपालनाचाच सापळा केला, जसा त्याच्या वडिलांनी लग्नाच्या कर्जाचा केला होता. तरीही एक फरक राहतो. जमीनदाराच्या शेतावरून उठून जाणाऱ्याला चाबूक होता. तलवाड्याहून उठून जाणाऱ्याला कोणी अडविले नसते, उलट गोळ्या त्याला उठावयासच सांगत होत्या. तेथे बसण्यात लाभ काही नव्हता आणि बसविणारा कोणी नव्हता. निरोप खोटा होता, निष्ठा खोटी नव्हती; आणि खोट्या निरोपावर खऱ्या निष्ठेने मेलेल्या माणसाविषयी धर्मशास्त्राने काय म्हणावे, हे मला एकाही स्मृतीत सापडत नाही.

त्यानंतरचा गवतकापणीचा संप मी थोडक्यातच सांगतो, कारण त्यात तत्त्वापेक्षा चिकाटी अधिक आहे. या मुलुखाचे गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई आणि व्यापाऱ्यांच्या गंज्या त्यावर उभ्या राहत. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळाल्याशिवाय विळा हाती धरावयाचा नाही असे ठरले, सभाबंदी झाली, गवत उभे वाळू लागले, आणि ज्यांना एक दिवसाचा दाणा साठविता येत नव्हता ते लोक अडून राहिले. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात खेरांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, मोरारजी देसाई गृहमंत्री झाले, वर्षअखेरीस परुळेकर दांपत्यास ठाणे जिल्ह्यातून हद्दपारीचा हुकूम मिळाला, आणि जानेवारी १९४७ मध्ये नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला. खेर हे आदिवासी सेवा मंडळाचे संस्थापक, आदिवासींविषयी ज्यांची कळकळ निःसंशय होती असे गृहस्थ. सेवा करणाऱ्याला सेवितांची ‘नाही’ ऐकणे जमीनदाराइतकेच जड जाते काय, असा विचार येथे मनात येतो आणि तो मी दाबून टाकीत नाही.

न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की, त्याच १९४५ साली, झाईला लागून असलेल्या बोर्डीत, ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. लाल बावट्याच्या मंडळींना ही कामे मलमपट्टी वाटत आणि सेवकवर्गाला बावटा म्हणजे आग लावणे वाटे. मला एवढेच दिसते की, जमीनदाराच्या पेटीतली वही एका बाजूने फाडावी लागली आणि दुसऱ्या बाजूने वाचावयास शिकावे लागले. त्यातही क्रम होता: ज्याला जमीनदाराच्या गोठ्यावर पाठवावयाचे आहे त्या मुलाला कुरणशाळेत कोणी पाठवीत नाही. आणि त्याच वर्षी के. जे. सावे यांचे ‘वारली’ लोकांविषयीचे इंग्रजी पुस्तकही मुंबईस प्रसिद्ध झाले. एकाच सालात एका जमातीचा अभ्यास झाला, तिच्यासाठी शाळा निघाली आणि तिच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

गोदावरीबाईंनी या सर्वांचे कथन ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात १९७० साली केले आणि १९७२ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी वाचकाने ते आंदोलनाची हकिकत म्हणून वाचले, तसे ते आहेच; नीतिशास्त्राचा ग्रंथ म्हणूनही ते एकदा वाचावे, अशी माझी विनंती आहे.

झरीच्या माळावर जे ठरले ते कायद्याच्या भाषेत येण्यास तीस वर्षांवर काळ लागला. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाने वेठीपोटीचे प्रत्येक कर्ज नाहीसे झाल्याचे घोषित केले, रूढी, करार अथवा दस्तऐवज यांपैकी कशाच्याही आधारे वेठ मागता येणार नाही असे ठरविले, आणि त्यात एक कलम असे घातले की, एखाद्या मजुराने आपले कर्ज वेठीचे आहे असे म्हटले तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर राहील. वही पेटीत ठेवणाऱ्यालाच आता तिचा जबाब द्यावा लागतो.